सौदा ठरण्याआधी

सोलापुरात कारखान्यातल्या अकौंटंटची बढती कशी होते ते सांगते. सुरुवातीला बिलं फाडायची, मग बँकेची कामं, मग पगारपत्रक आणि पीएफ, मग जीएसटी. आणि एके दिवशी मालक बाहेरच्या पार्टीला सांगतात, "आमच्या ताई सगळं बघतात." झालं, त्यापुढे जागाच नसते. पगार दिवाळीच्या दिवाळीला थोडा वाढतो, टेबल तेच राहतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी अशी 'सगळं बघणारी' होऊन बरीच वर्षं झाली होती. काम आवडत होतं, मालक माणूस म्हणून चांगले, पगार वेळेवर. तरीही चाळिशी ओलांडल्यावर मनात यायला लागलं, की पुढची पंधरा-वीस वर्षं हेच आणि असंच करत राहायचं का?

या प्रश्नाचा निकाल मी कसा लावला ते लिहिते आहे. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या पुष्कळ बायका या शहरात कारखान्यांत, आडत दुकानांत, बिल्डरांच्या ऑफिसांत बसून अख्खा धंदा सांभाळतात. त्यांना 'पुढे काय?' असं कुणी विचारत नाही.

आमच्या धंद्यात माल जितका फिरतो तितकाच कागद फिरतो. सूत येतं, रंगायला डाईंगवाल्याकडे जातं, रंगून परत येतं, बीम भरून मागावर चढतं, मग कापणी, शिलाई, पॅकिंग आणि गठ्ठे बांधून ट्रान्सपोर्ट. डाईंगला जाणारं सूत जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या, चलनावर जातं. ते वर्षाच्या आत परत आलं नाही, तर ज्या दिवशी पाठवलं त्याच दिवशी तुम्ही ते विकलं, असं कायदा धरतो. जॉबवर्कसाठी राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या सुताला आणि कापडाला महाराष्ट्रात ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. पण हे टेम्पोवाल्याला माहीत नसतं, कुणी थांबवलं की तो घाबरून मला फोन लावतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून माझा महिना तारखांवर चालतो. आता ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराची यादी दिसते, २० ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. सूतवाल्याने त्याचं रिटर्न भरलं नसेल तर त्याचं बिल २बीमध्ये येत नाही, आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं, आणि मग त्याच्या मागे फोनाफोनी.

हे सगळं मला येत होतं, चांगलं येत होतं. पण हे सगळं सौदा झाल्यानंतरचं काम होतं. भाव ठरला, उधारीचे दिवस ठरले, माल निघाला, की कागद माझ्याकडे येणार. जे ठरलं ते नीट नोंदवायचं, एवढंच माझ्या हातात.

२०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ही गोष्ट मला फार लख्ख दिसली. आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला आणि त्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, जेव्हा पैसे देईल तेव्हाच मिळतो. मुदत २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यातली: लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असेल तर जास्तीत जास्त ४५. आपल्याकडे ९० दिवसांची उधारी म्हणजे रोजची गोष्ट, काही पार्ट्या तर दिवाळीचा माल होळीला फेडतात. मार्च जवळ आला तसे बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले, 'तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का, सूक्ष्म आहात की लघु?' उद्यम म्हणजे या उद्योगांची सरकारी नोंदणी.

आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत चादरीचे थोडे माग चालवणारे एक अण्णा आहेत. तेलुगू घरातले, वडिलांपासून विणकाम. ते एका संध्याकाळी मोबाईल घेऊन आमच्या ऑफिसात आले. "ताई, हे काय म्हणतेत बघा की जरा." एका मोठ्या खरेदीदाराचा मेसेज होता, उद्यम रजिस्ट्रेशन रद्द करा, नाहीतर पुढची ऑर्डर देणार नाही. अण्णा रद्द करायलाच निघाले होते, सायबर कॅफेवाल्याशी बोलणंही झालं होतं.

मी त्यांना बसवलं आणि त्यांची बिलं मागवली. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, तारखेवार नव्हती. मी तारखेवार लावली, प्रत्येक बिलासमोर माल पोचल्याची तारीख लिहिली, त्यापुढे किती दिवस झाले ते लिहिलं. लेखी करार एकाही बिलाला नव्हता, म्हणजे सगळ्यांना १५ दिवसच. मग त्यांना समजावलं की रजिस्ट्रेशन रद्द करून तुमचंच नुकसान. उशिरा पैसे आले तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागायचा हक्क याच कायद्यात आहे, तो हातचा घालवू नका. खरेदीदाराला भीती आहे ती ३१ मार्चला बाकी राहण्याची, तेव्हा त्याला यादी पाठवा, कुठलं बिल कधीपर्यंत फेडलं तर त्याला त्रास नाही ते लिहून द्या, आणि पुढच्या ऑर्डरवर ४५ दिवस असं लेखी घ्या. आम्ही ती यादी तिथेच टाइप करून पाठवली. मार्च संपायच्या आत त्यातले बरेचसे पैसे आले. खरेदीदार तुटला नाही.

पैसे आल्याचं सांगायला अण्णा पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "ताई, हे सौदा करायच्या आधी सांगणारं कुणी असतं, तर नव्वद दिवसाला मी हो म्हटलंच नसतं."

त्या वाक्याने माझा प्रश्न मला नीट मांडता आला. मला हवी असलेली बढती ही होती: सौदा ठरण्याआधी मला विचारलं जावं. मॅनेजर हे पद मिळालं असतं तरी त्याने ती मिळाली नसती, आणि नोकरी बदलून शेजारच्या कारखान्यात गेले असते तरी नाही.

तरी मी लगेच काही केलं नाही. आधी दुसरा एक रस्ता पाहिला. पुण्यातल्या एका सीए फर्मला घरबसल्या हिशेब लिहिणारी माणसं हवी होती. सोलापुरातली पोरं पुण्याला जातातच, हुतात्मा एक्स्प्रेस सोमवारी सकाळी पोरांनीच भरलेली असते. पण मुलगी बारावीत, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, मी कुठे जाणार? तेव्हा घरी बसून पुण्याचं काम हे छानच वाटलं. मालकांना सांगून काही महिने संध्याकाळी ते केलं. पैसे बरे मिळत होते, ठरल्या तारखेला खात्यात. पण बँक स्टेटमेंटच्या ओळी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या, शंका असेल तर ग्रुपवर टाकायची, उत्तर आलं की पुढे जायचं. धंदा कशाचा, माल कुठे जातो, मालक कोण, काही कळायला मार्ग नव्हता. ज्यांची मुलं लहान आहेत, ज्यांना घराबाहेर पडणं खरंच अवघड आहे, त्यांच्यासाठी हे काम उत्तम आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्यासाठी मात्र ते मी जिथे होते त्याच्याही मागे जाणं होतं. मी तिथे सौद्यापासून आणखी लांब गेले होते. शिवाय आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी घरात बसून शांतपणे काम होईल असं सोलापुरात राहणारं कुणी म्हणणार नाही.

राहिला तिसरा रस्ता, स्वतःचं काम. इथे मी भावनेला बाजूला ठेवलं आणि वही घेतली. यांचं म्हणणं होतं, "पगार ठरल्या तारखेला येतो, त्याचीपण काहीतरी किंमत धर." त्यांनी मला अडवलं नाही, पण हे वाक्य दोन-तीनदा ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. म्हणून नोकरी सोडली तर हातातून नेमकं काय जाईल ते मी कलमवार लिहून काढलं.

पीएफमध्ये मालकाचा १२ टक्के हिस्सा बंद होणार. पेन्शनचं मात्र जात नव्हतं, कारण पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा झाली की ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क राहतो. त्यासाठी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घ्यायचं. हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं; नोकरी सुटली की पहिलं काम पीएफचे पैसे काढण्याचं करतात, म्हणून इथे आवर्जून सांगते. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या वर झाल्यामुळे मिळणारच होती. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, आणि जितकी वर्षं तितक्याने गुणायचं. म्हणजे २०,००० मूळ पगारावर वर्षाला साधारण ११,५३८ रुपये. माझ्या वर्षांनी गुणल्यावर जो आकडा आला तो पाहून धीर आला. ईएसआय या सरकारी आरोग्य विम्यातून मी पगार २१,००० च्या वर गेल्यावर आधीच बाहेर पडले होते, तेव्हा दवाखान्याचा विमा तसाही स्वतःच काढलेला. बोनस जाणार होता. आणि दिवाळीला मिळणारी टॉवेलची पेटीही, ती वहीत लिहिली नाही.

दुसऱ्या बाजूला स्वतःच्या कामाचे खर्च. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर स्वतःचं जीएसटी रजिस्ट्रेशन लागत नाही, म्हणजे तो बोजा नाही. काही पार्ट्या फीमधून १० टक्के टीडीएस कापणार, तो रिटर्न भरल्यावर जुळवता येतो, पण तोवर हातात पैसे कमी. एक लॅपटॉप, टॅलीचं लायसन्स. आणि सगळ्यात मोठा खर्च असा जो लिहिता येत नाही: कारखानदार मजुराचा शनिवारचा पगार कधी चुकवत नाही, पण फी मात्र 'पुढच्या महिन्यात देतो की' म्हणून सहज पुढे ढकलतो.

वहीत जे उतरलं त्यावरून एवढं स्पष्ट झालं, की नोकरी एकदम सोडणं परवडणार नाही, आणि तशीच धरून ठेवली तर हवं ते मिळणार नाही. म्हणून मधला मार्ग: याच मालकांकडे नोकर म्हणून न राहता ठरलेल्या फीवर आठवड्यातले तीन दिवस, आणि उरलेल्या दिवसांत इतर छोटे कारखाने.

त्यासाठी जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे इतरांची जीएसटीची कामं अधिकृतपणे करणारी व्यक्ती, म्हणून नोंदणी करायची होती. जीएसटी पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरायचा. कॉमर्स, लॉ, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंटची पदवी असली तरी चालते, सीए असायलाच हवं असं नाही. माझी पदवी जुनी, त्यावर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असं आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं, त्याआधीच्या आमच्या सगळ्यांच्या पदव्या कोल्हापूरच्याच. अडचण विद्यापीठाची नव्हती, नावाची होती. पदवी माहेरच्या नावाने, पॅन आणि आधार सासरच्या. आणि आमचं लग्न महापालिकेत नोंदवलेलंच नव्हतं. तेव्हा कोण नोंदवत होतं? मग लग्नपत्रिका शोधा, लग्नातला फोटो शोधा, साक्षीदार गोळा करा, भटजींची सही आणा. भटजी आता थकलेत, पण त्यांना आमचं लग्न आठवत होतं, वरातीत पाऊस आला होता हेसुद्धा. ते प्रमाणपत्र हातात आल्यावर पुढचं सुरळीत झालं आणि पीसीटी-०२, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या बायकांच्या मनात असं काही असेल त्यांनी नावाचे कागद आधी जुळवून ठेवावेत. अर्ज भरायला एक संध्याकाळ लागते, नाव जुळवायला फार वेळ जातो.

या नोंदणीने काय मिळतं तेही सांगते. पार्टीने तिच्या पोर्टलवरून तुम्हाला नेमलं, की तिची रिटर्न्स तुम्ही तुमच्या लॉगिनने तयार करून भरू शकता, परताव्याचे अर्ज, रजिस्ट्रेशनमधले बदल करू शकता, अधिकाऱ्यासमोर तिच्या वतीने उभं राहू शकता. आयकराचं टॅक्स ऑडिट करता येत नाही, ते सीएंचंच. आणि रिटर्नमधल्या माहितीची जबाबदारी कायद्याने पार्टीवरच राहते. हे मी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते, कारण 'आता ताई आहेत ना' म्हणून बिलं न बघता पाठवायची सवय लागू नये.

आता मालकांशी बोलणं. याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मी एका पानावर सगळं लिहून नेलं: कुठली कामं माझ्याकडे राहतील, कुठली ऑफिसातल्या नव्या मुलीला शिकवीन, शिकवायला किती महिने घेईन, फी किती.

मालकांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "पगाराचं बोलायचं तर तोंडानं बोला की ताई, कागद कशाला?"

मी म्हटलं, "पगाराचं नाही, मालक. कामाचं आहे."

त्यांनी ते सावकाश वाचलं. फीवर त्यांनी काहीच म्हटलं नाही. त्यांची शंका वेगळी होती आणि ती मला आधी सुचली नव्हती. "तुम्ही उद्या शेजारच्याचं काम घेणार. आमचा रेट त्याला कळणार नाही कशावरून?" यात चुकीचं काही नव्हतं. टॉवेलच्या धंद्यात किलोमागे दोन-चार रुपयांवर पार्टी इकडची तिकडे जाते. कुठल्या सूतवाल्याकडून काय भावाने घेतलं, कुठल्या पार्टीला किती दिवस दिले, हे माझ्या डोक्यात असतं आणि डोकं काही कारखान्यात ठेवून जाता येत नाही.

मी दोन दिवस विचार करून त्यांना उत्तर दिलं. ज्या पार्ट्यांना तुम्ही माल देता त्याच पार्ट्यांना माल देणारा कारखाना तुम्हाला विचारल्याशिवाय मी घेणार नाही. तुमचा डेटा तुमच्याच कॉम्प्युटरवर राहील, माझ्या लॅपटॉपवर येणार नाही. आणि हे लिहून देते. त्याबदल्यात माझीही एक अट: मोठी ऑर्डर घेण्याआधी, उधारीचे दिवस कबूल करण्याआधी मला एक फोन करायचा. फोन करूनही तुम्हाला हवं तेच करा, पण फोन करा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तुम्ही आधीच का नाही सांगितलं?" आणि सही केली.

इतर कामं हळूहळू मिळाली. पहिले अर्थातच अण्णा. मग त्यांच्या ओळखीचे एक, मग शाळेचे गणवेश शिवणारं एक जोडपं. फी ठरवताना मी एक गोष्ट मुद्दाम केली. महिन्याची ठरावीक फी, आणि प्रश्न विचारायचे वेगळे पैसे नाहीत. काही ओळखीच्या अकौंटंट मैत्रिणींनी याला विरोध केला, "फुकट सल्ला देशील तर दिवसभर फोन वाजेल." वाजतो. पण मला तोच वाजायला हवा आहे. प्रत्येक फोनचे पैसे घेतले असते तर माणसाने सौदा करून टाकला असता आणि मगच मला सांगितलं असतं, म्हणजे मी पुन्हा होते तिथेच.

याचा उपयोग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिसला. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलने दर बदलल्याचं जाहीर केलं, लागू २२ पासून. कपडे आणि चादरी-टॉवेलवर आधी १,००० रुपयांपर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावर १२ होते. आता २,५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. मधल्या किमतीच्या डबलबेड चादरीवाल्यांना हे फारच सोयीचं. पण त्या अडीच-तीन आठवड्यांत पार्ट्या म्हणायला लागल्या, 'माल २२ नंतर पाठवा', आणि काही म्हणाल्या, 'माल आत्ता पाठवा, बिल २२ नंतरचं करा.' माझ्या सगळ्या लोकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की २२ च्या आधी माल निघाला तर बिल त्याच दिवशी, जुन्याच दराने. पार्टीला थांबायचं असेल तर माल गोदामात ठेवा, पण तारीख फिरवू नका. आणि २,५०० च्या आसपासचे नग कुठले आहेत ते पाहून भावाची यादी नव्याने करा. गणवेशवाल्या वहिनींचा फोन आला होता, बिलाच्या तारखेवरून पार्टीशी बोलणं चालू असतानाच, फोन बाजूला धरून त्यांनी मला विचारलं, "हो म्हणू का?" मी नाही म्हणा म्हटलं, आणि त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

हातात येणारे पैसे पहिल्या वर्षी पगारापेक्षा थोडे कमीच होते, ते लपवत नाही. आता जवळपास बरोबरीला आलेत. थकलेल्या फीसाठी मीही माझ्या बिलावर मुदत छापते आणि ती उलटली की आठवण करते. लोकांना उधारीचे दिवस शिकवायचे आणि स्वतः मात्र गप्प बसायचं, हे मला पटत नाही. सासूबाईंना आधी वाटलं होतं की नोकरी गेली. आता कारखानदार घरी येतात तेव्हा त्याच चहा टाकतात.

नोटिसांचं काम अजून मी पूर्ण हातात घेतलेलं नाही. २बी आणि ३बीच्या फरकाची साधी नोटीस असेल तर उत्तर मी देते, मोठी मागणी असेल तर आमच्या ओळखीच्या सीए साहेबांकडे पाठवते. ते काम घ्यायचं तर वाचन वाढवायला हवं आणि तीन दिवसांचे दोन करायला हवेत. ऑफिसातली मुलगी आता ३बी एकटीने भरते, तेव्हा मालकांशी त्याबद्दल दिवाळीनंतर बोलायचं ठरवलं आहे. या वेळी पान लहान असेल.